एमएस आहे आणि मूल हवंय: अनुभव हवेत (पुढच्या वीस वर्षांचेसुद्धा)

सदाफुली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, राहणार नाशिक. २०१९ मध्ये एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि डोळा हलवला की दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आठ दिवस घालवले. मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणी आणि निदान: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकार, म्हणजे अटॅक येतो, ओसरतो, पुन्हा येतो. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. २०२१ ला दोन्ही पाय बधिर होऊन दुसरा अटॅक आला. तेव्हापासून डायमिथिल फ्युमरेटच्या कॅप्सूल, दिवसाला दोन. घेतल्यावर तोंड टोमॅटोसारखं लाल होतं, ते सोडलं तर तब्येत शांत आहे. शाळेत शिकवते, स्कूटर चालवते.

नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. सासूबाईंना 'नसांचा त्रास आहे' एवढंच माहीत. आता आम्हाला मूल हवंय. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, "व्हा की आई, फक्त ठरवून व्हा." गरोदरपणात हा आजार शांत राहतो हे वाचलंय. पण मला नऊ महिन्यांची भीती वाटतच नाही. मूल दहा-पंधरा वर्षांचं होईल तेव्हा मी कुठे असेन? बाळंतपणाने हा आजार वाढतो का? मावशी म्हणते, "त्या कुलकर्ण्यांच्या मुलीचं बाळंतपणानंतरच सगळं बिघडलं." ही कुलकर्ण्यांची मुलगी कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी जरूर लिहा.

कापूसकोंडा

आमच्याकडे तिला देशपांड्यांची सून म्हणतात. कुठल्याही आजारात तीच असते. बाकी विषयातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

आक्का_सातारकर

सदाफुली, मी तुझ्यासाठीच पासवर्ड शोधून काढला बघ.

मी ५२ वर्षांची. निदान २००३ चं. तेव्हा आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन असायचं, मांडीत. शनिवारी रात्री घ्यायचं आणि रविवार ताप-अंगदुखीत घालवायचा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मूल हवं म्हणून ते आधीच बंद केलं. थोरला २००६ चा, धाकटी २००९ ची.

दोन्ही वेळी नऊ महिने असे गेले की मला आजार आहे हेच विसरले. सातव्या महिन्यात अजिंक्यताऱ्यावर चालत गेले होते आणि सासऱ्यांची बोलणी खाल्ली होती. थोरल्याच्या वेळी मात्र बाळ सात आठवड्यांचं असताना उजवा पाय ओढायला लागला. पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉईड. दीड महिन्यात पाय बराचसा परत आला, पूर्ण नाही. धाकटीच्या वेळी घाबरून बसले होते, तर काहीच झालं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. घरात भिंतीला हात लावत चालते, बाहेर काठी घेते. काठी आली चार वर्षांपूर्वी, म्हणजे धाकटी शाळेत मोठ्या वर्गात गेल्यावर. शेवटचा अटॅक त्याच्याही आधीचा. पाळी गेल्यापासून अटॅक नाहीत, पण पाय हळूहळू जड होत चालला आहे. बाळंतपणं झाली नसती तर काठी उशिरा आली असती की लवकर, कोण सांगणार? एक मात्र कुणी मला वेळेवर सांगितलं नव्हतं: हाडं. आयुष्यभरात घेतलेली स्टेरॉईडं, कमी चालणं आणि वर पाळी जाणं. माझी हाडांची घनता तपासली तेव्हा डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. तू आत्तापासून ड जीवनसत्त्व तपासत जा.

ओसरी

मी प्रसूतितज्ज्ञ आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, त्यामुळे माझ्या बाजूचंच बोलते.

आक्कांचा अनुभव पुस्तकातल्या आलेखासारखा आहे. एकेकाळी एमएस असलेल्या बाईला डॉक्टरच सांगत, मूल होऊ देऊ नका. ते चित्र पालटायला १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासाचा मोठा हातभार लागला. १२ देश, २५४ बायका, २६९ गरोदरपणं. गरोदरपणाआधीच्या वर्षी दर बाईमागे वर्षाला सरासरी ०.७ रिलॅप्स, म्हणजे अटॅक. शेवटच्या तिमाहीत तोच वेग ०.२ वर आला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर उसळला आणि मग पुन्हा पहिल्या पातळीवर. त्याच बायकांचा पुढे दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की त्या अवघड तीन महिन्यांतसुद्धा ७२ टक्के बायकांना एकही रिलॅप्स आला नव्हता.

कारण असं सांगतात की पोटातलं मूल अर्धं वडिलांचं, म्हणजे शरीराच्या दृष्टीने अर्धं परकं. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती आपला पवित्रा बदलते. त्याचा फायदा आईच्या नसांनाही होतो. प्रसूती झाली की संप्रेरकं धाडकन उतरतात आणि पहारेकरी परत जुन्या सवयीवर येतात.

एमएस आहे एवढ्यासाठी सिझेरियन करायचं कारण नाही. कळा कमी करायला कमरेत देतात त्या एपिड्युरलने रिलॅप्स वाढत नाहीत, हेही त्याच अभ्यासात पाहिलं होतं. लघवीचा त्रास असेल तर संसर्गावर बारीक लक्ष हवं, कारण ताप आला की जुनी लक्षणं डोकं वर काढतात.

निद्रानाश

ओसरीताई, आदर राखून असहमत. आकडे बरोबर आहेत, पण ते माझ्यासारखीला लागू होत नाहीत. १९९८ च्या त्या बायका आजची जोरकस औषधं घेत नव्हत्या.

मी फिंगोलिमॉडवर होते. ते बाळाला घातक, म्हणून दिवस राहायच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. मी नियमाप्रमाणे केलं. हे औषध पांढऱ्या पेशींना लसिका गाठींमध्ये कोंडून ठेवतं. बंद केलं की सगळ्या एकदम बाहेर. मला दिवस राहून सहावा आठवडा चालू होता आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा अटॅक आला. डावा हात गेलाच. त्या आठवड्यांत स्टेरॉईड द्यावं की नाही यावर दोन डॉक्टरांचे दोन दिवस गेले, शेवटी दिलं. मुलगी आज चार वर्षांची, ठणठणीत. माझ्या डाव्या हाताने अजून तिची वेणी घालता येत नाही.

'गरोदरपणात एमएस झोपतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मी गाफील होते. नॅटालिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध बंद केल्यावरही अशीच उसळी येऊ शकते. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न 'एमएसमध्ये मूल चालेल का' हा नाही. 'मी आत्ता जे औषध घेतेय ते कसं उतरवायचं' हा आहे.

कापूसकोंडा

_/\_

अबोली_नागपूर

निद्रानाशला +१, आणि आणखी एक पायरी मागची. निदान नक्की एमएसचंच आहे ना?

माझ्या धाकट्या बहिणीला आधी एमएस सांगितलं होतं. दोन वर्षं इंटरफेरॉन घेतलं, अटॅक वाढतच गेले. नागपुरातच दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी तपासली तर पॉझिटिव्ह. म्हणजे एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका). डोळा आणि पाठीचा कणा दोन्हीकडे होतं म्हणून वरून सारखंच दिसतं, पण आजार वेगळा. इंटरफेरॉनने तो उलट बिघडतो. त्यात गरोदरपणाची ती शांतता मिळेल असं धरून चालत नाही, गर्भपाताचा धोका जास्त आणि बाळंतपणानंतरचा अटॅक जोरात येऊ शकतो. त्यामुळे औषध पूर्ण थांबवायची घाई करत नाहीत.

सदाफुली, तुझं डोळ्याने सुरू झालं म्हणून विचारलं. एकदा रिपोर्टची फाईल उघडून बघ.

सदाफुली

@अबोली, फाईल काढली. तपासणी २०१९ लाच झालीये, निगेटिव्ह. पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसकडे बोट दाखवणाऱ्या प्रथिनांच्या रेषा) होते. तरी छातीत धस्स झालं.

@निद्रानाश, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही (नाव सार्थ केलंत). पण लिहिलंत ते बरं केलंत.

@आक्का, भिंतीला हात लावून चालण्याचं वाचलं. विचारायचं खूप आहे, कसं विचारू कळत नाही.

ओसरी

@निद्रानाश, तुमचा मुद्दा रास्त आहे, माझ्या प्रतिसादात तो यायला हवा होता.

औषधागणिक हिशेब वेगळा. टेरिफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंतही रेंगाळू शकतं, त्यामुळे ते धुऊन काढायला कोलेस्टायरामिनची पावडर ११ दिवस देतात आणि रक्तातली पातळी तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या गोळीनंतर सहा महिने थांबायचं. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामरबद्दल मात्र धोरण सैल झालंय: २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी गरज असेल तर गरोदरपणातही इंटरफेरॉन घेता येईल आणि अंगावर पाजतानाही चालेल असं मान्य केलं. आक्कांच्या वेळी ही मुभा नव्हती. सदाफुली, तुमचं डायमिथिल फ्युमरेट शरीरातून लवकर निघून जातं, महिनोन्‌महिने थांबायची वेळ येत नाही. नेमकं कधी बंद करायचं ते न्यूरोलॉजिस्टने ठरवायचं, इथे आपण नाही.

राइनकाठ

जर्मनीत राहते, मूळची चिपळूणची. इथे बोखुममध्ये प्रा. केर्स्टिन हेलविग यांनी एमएस आणि गरोदरपणाची मोठी नोंदवही चालवली आहे. देशभरातल्या बायकांना ठरावीक काळाने फोन करून विचारपूस करतात. मीही त्यातली एक ओळ आहे. त्या नोंदवहीतून २०१५ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: ज्या बायकांनी निदान दोन महिने बाळाला फक्त अंगावरच पाजलं, त्यांना पहिल्या सहा महिन्यांत रिलॅप्स कमी आले. वरचं दूध मध्ये सुरू झालं की फायदा ओसरतो.

दुसरं म्हणजे इथे बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत सुईण घरी येते, विम्याच्या खर्चाने. मला आई व्हिसाअभावी उशिरा मिळाली, सुईण मात्र तिसऱ्या दिवशी दारात.

घाटावरचा

नवरा पक्षातर्फे. बायकोला एमएस, मुलगा दोन वर्षांचा. अंगावर पाजल्याने फायदा होतो हे आम्हीही वाचलं होतं आणि त्यापायी तिची झोप उडाली. दर दोन तासांनी उठणं, दूध पुरेना, रडारड, थकवा. एमएसचा थकवा हा 'दमले' म्हणण्यातला नसतो, अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखा असतो. सातव्या आठवड्यात आम्ही रात्रीची बाटली सुरू केली. रात्री एक ते पाच माझी पाळी. तिचं औषधही लगेच सुरू झालं. रिलॅप्स आला नाही. म्हणून म्हणतो, त्या अभ्यासाचं ओझं बाळंतिणीच्या डोक्यावर ठेवू नका.

(बाटली उकळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप धाडावा.)

राइनकाठ

@घाटावरचा, पटलं. ज्यांचा आजार आधीच आक्रमक आहे त्यांना इथेही औषध आधी सुरू करायला सांगतात. शिवाय ज्यांचा आजार सौम्य त्याच बायका औषधाशिवाय निवांत पाजू शकतात, म्हणून आकडा चांगला दिसत असेल, ही शंका इथलेही लोक काढतात.

उकडीचा_मोदक

कुणी शेगडीबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलते.

माझं बाळंतपण माहेरी, मे महिन्यात, परभणीला. खिडक्या बंद, डोक्याला-कानाला फडकं, गरम तेलाचं मालीश, कढत पाण्याची आंघोळ आणि त्यानंतर बाजेखाली शेगडी, वर ओवा-बाळंतशोपाची धुरी. पाचवीच्या दिवशी आंघोळीनंतर उठले तर डोळ्यापुढे अंधार, पाय कापसाचे. घरात रडारड, रिलॅप्स आला म्हणून गाडी काढून औरंगाबादला. तिथे पोचेपर्यंत एसीच्या गाडीत मी बरी झाले होते! डॉक्टर हसले आणि म्हणाले, हा अटॅक नाही, उष्णता आहे. आवरण गेलेल्या नसेतून संदेश गरमीत अडखळतो, अंग थंड झालं की पुन्हा जातो. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. नवी इजा नसते. पण बाळ हातात असताना पाय कापसाचे झाले तर?

आणखी एक. माझ्या उजव्या पोटरीला स्पर्श कमी कळतो. शेगडीने तिथे फोड आला, तो मला दिसला तेव्हा कळला.

आजीचा_बटवा

शेक-शेगडीने पिढ्यान्‌पिढ्या बायका बऱ्या झाल्या आहेत. आजकाल जे-ते आपलं वाईट म्हणायचं. सव्वा महिना अंग शेकलं नाही तर म्हातारपणी कंबर धरते.

उकडीचा_मोदक

काकू, माझ्या आईचंही हेच मत होतं. तिला दोष देत नाही. सव्वा महिना बाळंतिणीने काम करायचं नाही, पाणीही हातात मिळायचं, बाळाला आजीने बघायचं, हे एमएससाठी कुणी मुद्दाम ठरवल्यासारखं आहे. तेवढं ठेवा, डिंकाचे लाडू ठेवा, अळिवाची खीर तर ठेवाच. फक्त निखारे काढा आणि खिडकी उघडा.

आजीचा_बटवा

नसांचं दुखणं असेल तर नाही शेकायचं, हे मान्य. कोमट पाण्याने आंघोळ घाला. पण कानाला फडकं बांधायचंच.

कापूसकोंडा

ऐतिहासिक तह. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे की दुधात?

आजीचा_बटवा

नारळाच्या पाण्यात. आणि गूळ चिरून, साखर नाही.

राइनकाठ

दुधात! आमच्याकडे चिपळूणला…

*(यापुढचे अकरा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. – संपादक)*

हिशेबनीस

खिरीतून मूळ प्रश्नाकडे. सदाफुलीने विचारलं होतं ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं. आकडेवारीचं काम करतो, बहिणीला एमएस आहे, म्हणून यात बराच वेळ घातलाय.

निरनिराळ्या देशांच्या रुग्णनोंदी एकत्र करणाऱ्या एमएसबेसमधून २०१६ मध्ये एक काम आलं. दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलेल्या रुग्णांत, ज्यांना मुलं झाली त्या बायकांचं अपंगत्व कमी वाढलेलं दिसलं. २०२० मध्ये आणखी एक, झेक प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रेलियातल्या २,५५७ बायकांवर: आधी गरोदरपण येऊन गेलेल्यांमध्ये आजाराचं पहिलं लक्षण सरासरी ३.३ वर्षं उशिरा आलं.

वाचून आनंद होतो, पण वर राइनकाठ यांनी काढलेली शंका इथेही काढायला हवी. जिची तब्येत बरी, जिचे पाय चालतात, तीच मूल होऊ देते. जिचा आजार सुरुवातीपासून वाईट, ती थांबते. मग मागे वळून पाहिलं की मुलं असलेल्या बायका बऱ्या दिसणारच. काही अभ्यासांत हा फरक वजा केल्यावर फायदा जवळपास उरत नाही. म्हणून मी बहिणीला एवढंच सांगितलं: मूल झालं म्हणून आजार बरा होईल असं धरू नकोस. पण मूल झाल्यामुळे दूरवर अपंगत्व वाढतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा मला सापडलेला नाही. कुलकर्ण्यांच्या मुलीचा अपवाद.

मूल होईल त्यालाही हा आजार होईल का, हे कुणीतरी विचारणारच म्हणून: आई किंवा वडिलांना एमएस असेल तर शंभरात दोन-तीन मुलांना, असा पाश्चात्त्य देशांतला अंदाज आहे.

निद्रानाश

हिशेबनीस, हे मान्य. माझा हात मुलीमुळे गेला नाही, औषध ज्या तऱ्हेने बंद झालं त्यामुळे गेला. आई मात्र आजही 'पोरीच्या वेळी गेला' असंच म्हणते. मुलीच्या कानावर ते पडू नये म्हणून धडपडते मी.

आक्का_सातारकर

सदाफुली, कसं विचारू म्हणालीस ना, तर मीच सांगते. तुला हेच विचारायचंय की मुलांना लाज वाटते का माझी.

थोरला सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला 'तू नको येऊस' म्हणाला होता. मी गेले नाही. त्या रात्री रडले हे त्याला आजही माहीत नाही. आता इंजिनिअरिंगला आहे, बसमध्ये मला जागा मिळवून देण्यासाठी भांडतो, इतका की मलाच लाज वाटते. धाकटीला कधी काही वाटलंच नाही, तिने मला पाय न ओढता चालताना नीट पाहिलंच नसेल.

मांडीवर घेऊन जमिनीवर बसणं माझं फार लवकर सुटलं, त्याचं वाईट वाटतं. पलंगावर बसून सगळं केलं. पाळणा कमरेच्या उंचीचा घे, वाकावं लागणारा नको. बाळाला आंघोळ घालायला पाटावर बसू नकोस.

आणि अपंगत्वाचा दाखला काढायची वेळ आली तर संकोच करू नकोस. २०१६ च्या कायद्यात एमएसचं नाव आहे, मी चार वर्षं उगाच लाजत बसले. एमएस सोसायटीची पुण्यात शाखा आहे, तिथे माझ्यासारख्या बऱ्याच म्हाताऱ्या भेटतील.

सदाफुली

आक्का, हेच विचारायचं होतं.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. न्यूरोलॉजिस्ट आणि गायनॅकना एकाच आठवड्यात भेटलो. नवा एमआरआय झाला, नवीन डाग नाही. कॅप्सूल चालू, फॉलिक अ‍ॅसिड सुरू, ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. ते भरून आल्यावर पुढचं. बाळंतपणानंतर काय करायचं हे आत्ताच कागदावर लिहून घेतलंय: लक्षण दिसलं तर कुणाला फोन, स्टेरॉईड लागलं तर शेवटच्या सलाईननंतर किती तासांनी पाजायचं (दोन ते चार तास म्हणाले), औषध परत कधी सुरू.

आणि रविवारी सासूबाईंना सांगितलं. पूर्ण नाव घेऊन. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणून तू उन्हाळ्यात माझ्याबरोबर देवळात येत नाहीस होय? मला वाटलं तुला आवडत नाही."

उकडीचा_मोदक

शेगडीचं काय ठरलं?

सदाफुली

त्यांनी स्वतःहूनच माळ्यावर टाकली. कानाच्या फडक्यावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.

गोदाकाठची

नवीन सदस्य. मलाही नाशिकमध्येच गेल्या महिन्यात निदान झालंय, वय २६, लग्नाचं बघतायत. स्थळाला कधी सांगायचं, पहिल्या भेटीत की नंतर? वेगळा धागा काढू का?

आक्का_सातारकर

काढ. पण आधी जेवलीस का आज?